समुपदेशकाची खुर्ची कुठे ठेवायची?

दरवर्षी १० ऑक्टोबरच्या आसपास, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या काही कारखान्यांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, बाहेरून व्याख्याते येतात, ताण कसा हाताळावा यावर तासभर बोलतात, दीर्घ श्वसन करून दाखवतात, फोटो निघतो आणि दुसरी पाळी सुरू होते. व्याख्यान बहुधा चांगलंच असतं आणि ते होऊ नये असं मी म्हणणार नाही. मला बोलायचं आहे ते वर्षातल्या उरलेल्या दिवसांबद्दल.

नैराश्यात सापडलेल्या कामगारासाठी कोणतं समुपदेशन योग्य, असं विचारलं की पद्धतींची नावं पुढे येतात: विवेकनिष्ठ उपचार, बोधात्मक वर्तनोपचार, समस्या-निराकरण. पद्धत महत्त्वाची आहेच, तिच्याकडे मी येतो. पण कामगाराच्या बाबतीत त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. समोर बसलेला समुपदेशक बांधील कोणाला आहे? त्याची खुर्ची एचआरच्या केबिनला लागून असेल, तर उत्तमातली उत्तम पद्धतही तिथे लंगडी पडते. आणि त्या खुर्चीपाशी जे कळतं त्यातलं काहीच वर पोचणार नसेल, तर समुपदेशक माणसाला जरा उभं करून पुन्हा त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली पाठवत राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या आहेत: कामगाराचं गुपित वर जाता कामा नये आणि कामाचं दुखणं वर गेल्याशिवाय राहता कामा नये.

प्रश्न किती मोठा आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यात महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, देशात सर्वाधिक. देशभरात जीव दिलेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक माणसं रोजंदारीवर जगणारी होती. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतंच असं नाही. कर्ज, दारू, घरातली मारहाण, आजारपण अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. तरी मजुरी करून जगणाऱ्या माणसाच्या मनाची देखभाल करणारी व्यवस्था आपण उभीच केली नाही, एवढं या आकड्यांवरून म्हणता येतं.

कारखान्यात नैराश्य क्वचितच स्वतःच्या नावाने येतं. पाठ धरली, ॲसिडिटी झाली, डोकं जड वाटतं, छातीत धडधडतं, रात्रपाळी नसतानाही झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस कामगार विम्याच्या दवाखान्यात जातो, गोळ्या घेतो, परत येतो. सुपरवायझरला वेगळंच दिसतं: खाडे वाढले, रिजेक्शन वाढलं, रोजचं सेटिंग दोनदा चुकलं, गडी कोणाशी बोलत नाही, डबा तसाच परत नेतो. पत्नीला तिसरंच दिसतं: पगार झाल्यावर पूर्वी महिन्यातून एकदा घेणारा आता दर दोन दिवसांनी पिऊन येतो. डॉक्टर, सुपरवायझर आणि पत्नी एकाच माणसाचं एकेक अंग पाहत असतात, आणि तिघांची कधी गाठ पडत नाही. मग कागदावर सगळ्यात आधी उमटतो तो मेमो.

नाशिकचा कामगार म्हणजे एकच एक माणूस नाही. ओझरच्या विमान कारखान्याने १९६४ नंतर इथे जो कायमस्वरूपी नोकरीचा वर्ग घडवायला सुरुवात केली, त्याची मुलं आज अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नरला ठेकेदाराकडे किंवा ट्रेनी म्हणून लागलेली दिसतात. शेजारच्या मशीनवरचा परमनंट तेच काम करून कितीतरी जास्त पगार घेतो, हे त्यांना रोज पाहावं लागतं. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांच्या सेवेला महत्त्व होतं, म्हणून सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’, म्हणजे सेवेत खंड, देण्याची रीत पडली. ब्रेक मिळालेला मुलगा गावी जातो, घरच्यांना ‘सुट्टी आहे’ म्हणून सांगतो आणि ठेकेदाराच्या फोनची वाट पाहतो. असं तिशी उलटेपर्यंत चालतं. लग्न लांबतं, कर्ज मिळत नाही. त्याला नैराश्य आलं तर ते त्याच्या मेंदूत आहे की त्याच्या हजेरीपत्रकात, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि उत्तर दोन्हीकडे आहे.

विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीची आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात ती मांडली, कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेमार्फत आणि आपल्या लेखनातून ती घराघरांत नेली. तिचा गाभा असा की घटना आपल्याला परस्पर खचवत नाही, घटनेबद्दलची आपली धारणा खचवते. कारखान्यातल्या माणसाला हे सांगताना मात्र फार जपावं लागतं. ‘पुढच्या महिन्यात ब्रेक मिळेल’ ही त्याची धारणा नाही, ती त्याची वस्तुस्थिती आहे. तिला अविवेकी म्हणणारा समुपदेशक पहिल्याच भेटीत विश्वास गमावेल, आणि तो गमवायलाच हवा. पण त्याच माणसाच्या मनात आणखी एक वाक्य असतं: ‘मला कोणी परमनंट केलं नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे, माझ्या जगण्याला किंमत नाही.’ इथे मात्र एलिस, फडके, नाडकर्णी यांची सारी परंपरा कामी येते. एका कंपनीने दिलेल्या हुद्द्यावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवू नये, हे त्याला स्वतःच्या तोंडून म्हणता येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहावं लागतं. ‘माझ्यातच खोट आहे’ हे वाक्य मनातून निघालं तरी नोकरीची चिंता उरतेच, पण तिच्याशी झगडायला हातपाय मोकळे होतात. ही सीमारेषा ज्याला कळते तोच कामगारांचा समुपदेशक होऊ शकतो.

दुसरी पद्धत शेजारच्या गोव्यात कसाला लागलेली आहे, आणि नाशिकसाठी मला तीच जास्त मोलाची वाटते. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन करणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसशास्त्राची पदवी नसलेली, स्थानिक बोली बोलणारी साधी माणसं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. सहा ते आठ भेटी, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे, थोडे सुधारलेले वैद्यकीय उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आणि हे सौम्य उदासीचे रुग्ण नव्हते. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेलेच निवडले होते. ‘पदवी नसलेल्याने मनाला हात लावू नये’ असं म्हणणाऱ्यांनी हा तपशील नीट वाचावा.

त्या पद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणतात. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. लोकांत जाणं, देवळात जाणं, मुलाशी खेळणं, अंघोळ सुद्धा. सोडल्यामुळे बरं वाटण्याचे क्षण आटतात आणि मन आणखी खाली जातं. हा फेरा विचाराच्या बाजूने तोडण्याऐवजी कृतीच्या बाजूने तोडायचा. ऐकायला हे फार साधं वाटतं, म्हणून प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू.

समजा, सिडकोतल्या पवननगरात दोन खोल्यांत राहणारा, अंबडच्या एका प्रेस शॉपमधला पस्तिशीचा कामगार आहे. समुपदेशक त्याला आठवड्याचा तक्ता देतो: दर दोन तासांना काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि मन कसं होतं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. मंगळवार: तिसरी पाळी सकाळी सुटली, घरी आलो, मोबाइल पाहत पडून राहिलो, झोप अकराला लागली, एक गुण. दुपारी चारला उठलो, पोरगं शाळेतून आलं, बोललो नाही, एक. बुधवार तसाच. गुरुवारी मात्र चार गुण. का? त्या दिवशी सोबतच्या माणसाने पाथर्डी फाट्यावर उतरवून घेतलं, दोघांनी चहा घेतला, बोलत पांडवलेणीच्या पायऱ्या निम्म्यापर्यंत चढले. समुपदेशक यावर प्रवचन देत नाही. पुढच्या आठवड्यात हे दोन दिवस करता येईल का, कोणते दोन, सोबत कोण, तो आला नाही तर काय, एवढंच दोघे मिळून ठरवतात. दुसरी गोष्ट झोपेची: रात्रपाळीच्या आठवड्यात खिडकीला जाड पडदा, मोबाइल बाहेरच्या खोलीत, आणि सकाळचे पाच तास घरात कुकरसुद्धा लावायचा नाही हे घरच्यांशी बोलून ठरवणं. हे तिसरं काम सगळ्यात अवघड, कारण त्यासाठी पत्नीला खरं सांगावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत कर्ज निघतं. पतपेढीचा हप्ता, मोटारसायकलचा हप्ता, बहिणीच्या लग्नात हातउसने घेतलेले पैसे. इथे समस्या-निराकरणाची रीत लागते: सगळं कागदावर मांडायचं, ज्याचं आपल्या हातात काही आहे असं एकच निवडायचं, त्याचे तीन मार्ग लिहायचे आणि आठवडाभरात एक करून पाहायचा. यात कसलंही गूढ नाही. पण नैराश्यातला माणूस एकट्याने हे करू शकत नाही, म्हणूनच समोर दुसरं माणूस हवं.

आत्महत्येबद्दल समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सरळ विचारलं पाहिजे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. ज्याच्या मनात आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते. तसा धोका असेल, किंवा माणूस खाणंपिणंच सोडून बसला असेल, तर त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवायला हवं. औषधांना इथे पर्याय नाही आणि त्यांची लाज बाळगायचंही कारण नाही.

गोव्याच्या पुराव्याची एक मर्यादा आहे. त्या चाचणीत बहुसंख्य रुग्ण स्त्रिया होत्या. पुरुष नैराश्य घेऊन आरोग्य केंद्रात फारसे येत नाहीत. ते बाटली घेऊन घरी येतात. ‘संगत’ने दारूने हानी करून घेणाऱ्या पुरुषांसाठीही तशाच धर्तीचा वेगळा कार्यक्रम तपासला आणि त्यालाही यश आलं. नाशिकच्या कारखान्यात समुपदेशन सुरू करणाऱ्याने दारू आणि नैराश्य यांची दोन खाती करू नयेत. दारूबद्दल बोलायला आलेल्याला नैराश्याबद्दल विचारावं, आणि उलटही. शिवाय पुरुषाने यावं म्हणून वाट पाहत बसू नये. पाळी सुटण्याच्या आणि सुरू होण्याच्या वेळेला, कंपनीच्या बसथांब्याजवळ किंवा कामगार वस्तीजवळ सेवा हवी. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हेच केलं: गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन बोलायला सुरुवात केली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षाच्या आसपास ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं मदत घेत नाहीत, असं आपण फार सहज म्हणतो.

इथवर पद्धतीचं झालं. आता त्या खुर्चीचं.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ आस्थापनांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲप, ध्यानवर्ग, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग असे व्यक्तीपुरते उपक्रम घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत मनःस्वास्थ्याचा जवळजवळ काहीच फरक त्यांना आढळला नाही. हा एका वेळच्या पाहणीचा अभ्यास आहे, त्यातून अंतिम निवाडा निघत नाही. पण तो रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्राशी जुळतो: कामाची मागणी जास्त आणि कामावरचा स्वतःचा ताबा कमी, हे मिश्रण माणसाला आजारी पाडतं. कन्व्हेयर लाइनवर सायकल टाइम दुसऱ्याने ठरवलेला, लघवीला जायलाही बदली माणूस लागतो, अशा ठिकाणी उभ्या असलेल्याला हे सूत्र समजावून सांगावं लागत नाही. फ्रान्समध्ये तर हे न्यायालयापर्यंत गेलं. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीत हजारो माणसं कमी करण्यासाठी जे वातावरण पद्धतशीरपणे तयार केलं गेलं आणि ज्या काळात तिथे अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्याबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना संस्थात्मक छळासाठी दोषी ठरवलं. कामाची रचनाच छळ असू शकते, हे एका न्यायालयाने लिहून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेतले बदल आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण यांना व्यक्तीच्या उपचाराइतकंच स्थान आहे.

रचना बदलायची म्हणजे कारखाना बंद करायचा नाही. पाळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा पुढे सरकत्या ठेवल्या तर शरीर त्या उलट क्रमापेक्षा बरं सोसतं. याला पैसा लागत नाही. पाळीपत्रक चार दिवस आधी लागावं, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नको. ब्रेक द्यायचाच असेल तर महिनाभर आधी लेखी सांगावं आणि परत घेणार की नाही तेही सांगावं. सुपरवायझरने चूक लाइनवर सर्वांसमोर काढू नये. हे बदल सुचवणार कोण? ज्याच्याकडे एकाच विभागातली बारा माणसं वर्षभरात येऊन गेली तो समुपदेशक. त्याने कोणाचंही नाव, कोणाचीही कथा न सांगता, विभागनिहाय आकडे आणि कामाशी जोडलेली कारणं दर सहा महिन्यांनी व्यवस्थापन आणि युनियन या दोघांसमोर एकाच बैठकीत ठेवावीत. विभाग इतका छोटा असेल की आकड्यावरून माणूस ओळखू येईल, तिथे आकडा देऊच नये.

व्यवस्थापनाचा आक्षेप मला माहीत आहे: ‘निम्मे प्रश्न घरचे असतात, कंपनी काय करणार?’ असतात, खरंच असतात. पण घरचे प्रश्न सोडवायला माणसाला ज्या दोन गोष्टी लागतात, झोप आणि उद्याची खात्री, त्या दोन्ही कंपनीच्या हातात आहेत. युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप उलट्या बाजूचा आणि अधिक गंभीर आहे: समुपदेशन म्हणजे संताप थंड करण्याचा मालकाचा डाव. खुर्ची एचआरशेजारी असेल तर हा संशय रास्तच आहे. पण नैराश्यातला कामगार लढतही नाही. तो सभेला येत नाही, वर्गणी देतो आणि गप्प राहतो. बिछान्यातून उठू न शकणाऱ्या माणसाला उठवणं हे संघटनेच्या विरोधात कधीच नसतं. म्हणून संघटनेने या कामाकडे पाठ न फिरवता त्यावर हक्क सांगावा.

कायदा पुष्कळसा कामगाराच्या बाजूने आहे, वापर मात्र होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखेच धरायला सांगितलं. राज्य कामगार विम्यात आजारपणाच्या काळात ७० टक्के वेतन मिळतं. दीर्घ आजारांच्या यादीत मनोविकारांचा गट आहे, त्यात तीव्र नैराश्याचा एक प्रकारही येतो आणि अटी पूर्ण होत असतील तर लाभ ८० टक्क्यांपर्यंत, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. खाडे झाले म्हणून मेमो घेणाऱ्या कितीजणांना हे कोणी सांगितलं असेल? १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला तो याच कामासाठी. आता त्याचा बहुतेक वेळ हजेरी, शिस्त आणि ठेकेदारांच्या कागदांत जातो.

अंबड-सातपूरमधले बहुतेक कारखाने इतके लहान आहेत की प्रत्येकाने स्वतंत्र समुपदेशक नेमणं शक्य नाही. म्हणून निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांनी, इथल्या कामगार संघटनांसह, दोन्ही वसाहतींसाठी एक-एक सामायिक केंद्र चालवावं. कारखान्याच्या आत नको. सातपूर-सिडकोत महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं वर्षानुवर्षं आहेत. कामगार तिथे नाटकाला, वाचनालयाला, शिवणवर्गाला येतोच, तिथे आलं म्हणून कोणी बोट दाखवत नाही. पैसा उद्योजकांनी द्यावा, नेमणूक आणि बडतर्फी उद्योजक आणि कामगार संघटनांच्या संयुक्त समितीने करावी. कामगारांतलेच समंजस, शब्द पाळणारे स्त्री-पुरुष निवडून प्रशिक्षित करावेत. नाशिकमध्येच मुख्यालय असलेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मिळून असा अभ्यासक्रम सहज आखू शकतात. प्रशिक्षितांच्या कामावर तज्ज्ञाची देखरेख मात्र कायम हवी. गोव्याच्या यशात तिचा वाटा मोठा होता.

पॅकिंग लाइनवरच्या स्त्रियांसाठी स्त्री समुपदेशक आणि घरी परतायच्या घाईत न सापडणारी वेळ हवी. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षछाटणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या कोणत्याच गेटच्या आत नाहीत, त्यांना विमा नाही, मेमोसुद्धा नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात आशाताईंनाच ‘विश्राम’सारखं प्रशिक्षण देण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही. त्यांच्यावर आधीच किती कामं लादली आहेत हे ठाऊक असूनही हे लिहितो आहे, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे.

नाशिकमधल्या मोठ्या कारखान्यांत दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतो. मागणीपत्रकात पगारवाढ असते, बस असते, कँटीन असतं, मेडिक्लेम असतो. पुढचं मागणीपत्रक लिहायला बसणाऱ्या प्रत्येक युनियन कमिटीला माझी विनंती आहे: त्यात एक कलम वाढवा. स्वतंत्र समुपदेशक, गोपनीयतेची लेखी हमी, उपचार घेत असलेल्या कामगारावर त्या काळातल्या खाड्यांसाठी कारवाई नाही, आणि सहामाही अहवालावर दोन्ही बाजूंची सही. तोवर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आज आपल्या विभागाच्या फलकावर लावा.